बिनअस्तराचा कोट

मुंबईच्या उपनगरांत कोट कोण घालतं, या प्रश्नाचं उत्तर मॉलमधल्या पुतळ्यांकडे पाहून मिळत नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या न्यायालयांचे जिने दिवसभर चढणारे-उतरणारे वकील कोट घालतात. घाटकोपरच्या पुलावर उभे असलेले रेल्वेचे तिकीट तपासनीस घालतात. सहार आणि मरोळच्या हॉटेलांत पाहुण्यांचं स्वागत करणारी, मेजवानीच्या दालनांत ताटं उचलणारी पोरं घालतात. विलेपार्ले, विद्याविहार, पवईच्या व्यवस्थापन संस्थांत कॅम्पस मुलाखतीसाठी ताटकळणारे विद्यार्थी घालतात. आणि स्वागत समारंभाच्या रात्री तीन-चार तास स्टेजवर उभा राहून फोटो काढून घेणारा नवरदेव घालतो. यांतला क्वचितच कोणी हौसेनं कोट घालतो. कुणाच्या अंगावर तो नियमानं चढतो, कुणाच्या नोकरीनं, कुणाच्या रीतीनं. या सगळ्यांना परवडणाऱ्या कोटाची घडण मात्र बहुधा एकच असते. वरचं कापड पॉलिएस्टर-व्हिस्कोसचं, आत गळ्यापासून खालच्या काठापर्यंत पॉलिएस्टरचं अस्तर, छातीला चिकटवलेलं पेस्टिंग आणि खांद्यात जाड पॅड. गेली काही वर्षं फॅशनच्या जगात ‘सॉफ्ट टेलरिंग’चा बोलबाला आहे. अस्तर काढलेले, पॅड नसलेले, अंगावर शर्टासारखे बसणारे कोट महागड्या दुकानांच्या दर्शनी भागात टांगलेले दिसतात. बाजाराचा समज असा की हा मऊ कोट पैसेवाल्याच्या सुट्टीसाठी आणि तो कडक कोट सामान्य माणसाच्या कामासाठी. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. मऊ कोटाची गरज सर्वांत जास्त आहे ती उपनगरातल्या कमी पगाराच्या माणसाला. तो त्याला परवडूही शकतो, आणि तो शिवण्याची जागा मॉलमध्ये नसून त्याच्या गल्लीत आहे.

आधी शरीराचा हिशेब पाहू. कपड्यांची ऊब मोजायला शास्त्रज्ञ ‘क्लो’ नावाचं एकक वापरतात. १९४१ साली ए. पी. गॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडलं. खोलीचं तापमान २१ अंश सेल्सिअस, हवा जवळजवळ स्थिर, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत, आणि माणूस निवांत बसलेला. अशा वेळी ज्या कपड्यांत त्याला थंडीही वाजत नाही आणि उकडतही नाही, ती ऊब म्हणजे एक क्लो. त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे ऑफिसात बसलेल्या माणसाचा सूट. साधी शर्ट-पँट साधारण ०.६ क्लोच्या आसपास भरते. आता सांताक्रूझ वेधशाळेच्या नोंदी घ्या. वर्षातल्या सर्वांत थंड महिन्यात, जानेवारीतही, दुपारचं सरासरी कमाल तापमान ३० अंशांच्या वर असतं. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्या काळात हवेतला दमटपणा ५० टक्क्यांच्या जवळपासही उतरत नाही. ज्या हवेसाठी तो सूट जन्मला, ती हवा बोरिवलीत उघड्यावर वर्षातून एकही दुपार मिळत नाही.

तरीही कोट मुंबईत निरुपयोगी आहे, असं मी म्हणणार नाही, कारण उपनगरातल्या माणसाचा दिवस आता एका हवेत जात नाही. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, देशातली पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ला बोरिवलीहून चर्चगेटकडे सुटली. ऑफिसांचं, बँकांचं, मॉलचं वातावरण तर कधीपासूनच गार आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं १ जानेवारी २०२०पासून खोलीच्या एसीचं मूळ तापमान २४ अंशांवर ठेवण्याचा दंडक घातला, पण मोठ्या इमारतींच्या मध्यवर्ती यंत्रणेखाली बसणाऱ्यांना गारठ्याची ओळख आहेच. घरातून निघून घामाघूम होत स्टेशन गाठायचं, गार डब्यात किंवा गर्दीच्या साध्या डब्यात उभं राहायचं, पुन्हा उन्हातून चालायचं आणि मग गार खोलीत बसायचं. या दिवसाला लागतो असा कोट, जो गारठ्यात एक हलका थर देईल, उन्हात वाफ बाहेर जाऊ देईल आणि हातावर घेतला तर घडी पडून मोडणार नाही. कडक कोट यांतलं एकही काम धड करत नाही.

का करत नाही, ते कोट उसवल्याशिवाय कळत नाही. बाहेरून दिसतं ते फक्त वरचं कापड. त्याच्या मागे छातीवर आणि लॅपलमध्ये एक आधाराचा थर असतो. जुन्या पद्धतीत हा थर कॅनव्हासचा, आडव्या धाग्यात घोड्याच्या शेपटीचे केस विणलेला. तो वरच्या कापडाला चिकटवलेला नसतो, हातानं शेकडो बारीक तिरके टाके घालून सैलसर धरलेला असतो. त्यामुळे कापड आणि कॅनव्हास एकमेकांवर सरकू शकतात, लॅपल सपाट घडी न होता गोल वळते आणि काही महिने वापरल्यावर छातीचा भाग त्या माणसाच्या अंगाचा होतो. हे काम वेळखाऊ आहे. म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पेस्टिंग आलं. एका बाजूला राळेचे ठिपके असलेलं कापड आतून लावायचं आणि साधारण दीडशे अंशांच्या आसपास तापलेल्या प्रेसखाली दाबायचं. राळ वितळते, दोन्ही थर कायमचे एक होतात. तासांचं काम सेकंदांवर आलं आणि कोट स्वस्त झाला, हे मान्य केलंच पाहिजे. त्याची किंमत मात्र घालणारा मोजतो. चिकटलेला थर हवा अडवतो. धुलाईच्या उष्णतेनं आणि वारंवारच्या वाफेच्या इस्त्रीनं हलक्या प्रतीचा गोंद जागोजाग सुटतो आणि छातीवर फुगे येतात. एकदा आलेले फुगे कुठलीही इस्त्री बसवू शकत नाही.

अस्तराची गोष्ट याहून गंभीर आहे, आणि तिच्याकडे गिऱ्हाईक बघतही नाही. प्रत्येक तंतूची हवेतला ओलावा धरून ठेवण्याची एक ठरावीक क्षमता असते. प्रमाणित हवेत लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १४ ते १८ टक्के ओलावा धरते, लिनन १२च्या आसपास, व्हिस्कोस ११ ते १३, कापूस साधारण साडेआठ. पॉलिएस्टर धरतं ०.४ टक्के, म्हणजे जवळपास काहीच नाही. कोटाला पॉलिएस्टरचं पूर्ण अस्तर लावलं की शर्टातून निघालेली वाफ तिथेच अडते. वरचं कापड कितीही उंची घ्या, अगदी निव्वळ लोकरीचं घ्या, आतलं अस्तर जर पॉलिएस्टरचं घट्ट टॅफेटा असेल तर लोकरीचा गुण अंगापर्यंत पोहोचतच नाही. मुंबईत कोट नको म्हणणारे बरेचसे लोक खरं तर या अस्तराला नको म्हणत असतात.

सॉफ्ट टेलरिंग म्हणजे हे थर एकेक करून कमी करणं. पेस्टिंग काढायचं किंवा छातीपुरता हलका कॅनव्हास ठेवायचा, खांद्यातला पॅड काढायचा किंवा पातळ करायचा, अस्तर फक्त बाह्यांत आणि पाठीच्या वरच्या भागात ठेवायचं, बाकी शिवणींना आतून पायपिंग करून त्या उघड्या सोडायच्या. एवढं काढल्यावर कोटाला आकार कशानं येणार? कटिंगनं, इस्त्रीनं आणि मुंढ्यानं. यांतला मुंढा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तयार कोटाचा मुंढा मोठा आणि खाली उतरलेला असतो, कारण एकच साइज शंभर वेगवेगळ्या अंगांवर चढायची असते. असा कोट घालून लोकलची कडी धरली की बाहीबरोबर अख्खा कोट वर येतो, कॉलर मानेपासून सुटते, बटणाशी ताण पडतो. मुंढा बगलेजवळ वर असला आणि बाही त्यात थोडी चुण घेऊन बसवली की हात वर जातो आणि कोट जागेवर राहतो. नेपल्सच्या शिंप्यांनी हीच खुबी जगाला दाखवली. तिथे १९३०च्या दशकात रुबिनाच्ची यांच्या ‘लंडन हाऊस’ या दुकानात विन्चेन्झो आत्तोलिनी या कटरनं इंग्रजी कोटातले पॅड आणि जाड थर काढून टाकले. दुकानाचं नाव लंडनचं, नमुना लंडनचा, पण समुद्राकाठच्या गरम गावात तो तसाच्या तसा चालेना, म्हणून तो हलका केला गेला. पुढे मिलानच्या जॉर्जिओ अरमानींनी १९७०च्या दशकात तीच मोकळीक तयार कपड्यांत आणली आणि १९८०च्या ‘अमेरिकन जिगोलो’ या चित्रपटातून ती जगभर गेली. अरमानी सप्टेंबर २०२५मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या नावाभोवती श्रीमंतीचं वलय होतं. पण ज्या कल्पनेवर ते उभे राहिले ती मुळात उष्ण हवेतल्या शिंप्याची, कात्री चालवणाऱ्याची कल्पना होती.

आपल्याकडेही हे नवं नाही. मराठी माणसाची बाराबंदी बंदांनी बांधली जायची, तिला ना पॅड ना पेस्टिंग. पारशी समाजाचा पांढरा डगला सुती, बंदांचा आणि हलका, आणि आजही लग्न-नवजोतेला घातला जातो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले वकील आणि कारकून धोतरावर कोट घालत. अल्पाकाचा काळा कोट ही त्या काळच्या मराठी मध्यमवर्गाची खूणच होती, आणि अल्पाका पसंत होता तो त्याच्या हलकेपणामुळे. कोट उष्ण हवेशी जुळवून घेण्याची अक्कल मुंबईकडे होती. ती कधी गेली, याचं उत्तर मुलुंडच्या चेकनाक्यापलीकडे, ठाण्यात सापडतं.

ठाण्याच्या खाडीकाठी १९२५मध्ये रेमंडची लोकरी गिरणी उभी राहिली आणि १९४४मध्ये ती सिंघानिया कुटुंबाकडे आली. लष्करी ब्लँकेटं आणि साध्या लोकरी कापडापासून सुरुवात करून या गिरणीनं पुढे सूटिंगमध्ये देशभर नाव मिळवलं. त्याच ठाणे पट्ट्यात १९६०च्या दशकात ‘टेरीन’ या नावानं पॉलिएस्टर तंतू तयार होऊ लागला. टेरीकॉट आणि टेरीवूल ही नावं तेव्हापासून घराघरांत रुळली, कारण हे कापड सुरकुततं कमी, टिकतं जास्त, आणि धुऊन लगेच वाळतं. खोलीत एकच दोरी असलेल्या चाळीतल्या कुटुंबाला हा गुण फार मोलाचा होता, आणि त्या पसंतीला नावं ठेवणं अन्यायाचं ठरेल. पुढे १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, मुंबईचं कापड हळूहळू भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांकडे गेलं, आणि स्वस्त सूटिंगची पेठ राजस्थानातल्या भिलवाड्याच्या पॉलिएस्टर-व्हिस्कोसनं भरून टाकली. रेमंडची ठाण्याची गिरणी २००९मध्ये बंद झाली. कापड स्वस्त होत गेलं तशी त्याची पडण बिघडली, आणि ते बिघडलेलं झाकायला पेस्टिंग आणि पॅड आले. पातळ, निर्जीव कापड उभं राहावं म्हणून त्याला आतून कडक करणं, हाच स्वस्त कोटाचा इतिहास आहे.

मग पैशांचं काय? मऊ कोटात सामान कमी लागतं, तरी दुकानात तो महाग का? एक कारण खरं आहे आणि ते लपवू नये. अस्तर असलं की आतली कच्ची कामं त्याच्यामागे झाकली जातात, अस्तर काढलं की प्रत्येक शिवण दिसते, म्हणून ती नीट पूर्ण करावी लागते. सामान घटतं, हाताचं काम वाढतं. दुसरं कारण नुसत्या भावाचं. मऊ कोट चैनीचा म्हणून विकला जातो, म्हणून चैनीचा भाव लागतो. तिसरं कारण कराचं. २२ सप्टेंबर २०२५पासून तयार कपड्यांवर नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी लागतो. आधी १,०००च्या पुढे १२ टक्के होता. बरा म्हणावा असा कोट २,५००च्या आत बसत नाही. समजा करापूर्वी त्याची किंमत ६,००० रुपये आहे, तर त्यावर १,०८० रुपये कर. कापडावर मात्र ५ टक्केच आहे. एका कोटाला मोठ्या पन्ह्याचं साधारण दोन मीटर कापड लागतं, पँटसकट पूर्ण सुटाला सव्वातीन मीटर. दीड हजार रुपये मीटरचं चांगलं कापड दोन मीटर घेतलं तर ३,०००वर १५० रुपये कर झाला. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या शिंप्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे त्याच्या शिलाईवर कराचा बोजा येत नाही. तयार कोटाच्या किमतीतला मोठा हिस्सा दुकानाचं भाडं, जाहिरात, दलाली आणि करात जातो. शिवलेल्या कोटात तोच पैसा कापडात आणि कारागिराच्या हातात जातो. आणि खरा भाव लेबलवर नसतो, तो वापरात असतो. समजा ६,०००चा कडक कोट लग्नात एकदा आणि नंतर तीनदा घातला, तर एका वापराला १,५०० रुपये पडले. ९,०००चा मऊ कोट तीन वर्षांत साठ वेळा घातला, तर १५० रुपये. जो कोट घालवतच नाही तो कोणत्याही भावात महाग.

यावर पहिला आक्षेप असा की एवढी खटपट करण्यापेक्षा कोटच हद्दपार करावा. जपाननं २००५च्या उन्हाळ्यात ‘कूल बिझ’ मोहीम राबवली. पर्यावरण मंत्री युरिको कोइके यांनी सरकारी कार्यालयांचं तापमान २८ अंशांवर ठेवलं, कोट-टाय काढायला सांगितलं, खुद्द पंतप्रधान कोइझुमी टायविना वावरले. मग आपण का नाही? तर्क चोख आहे आणि हवामानाच्या दृष्टीनं तो बरोबरच आहे. पण तो सर्वांना सारखा लागू पडत नाही. कोट न घालण्याची मुभा आधी मिळते ती ज्याची पत आधीच ठरलेली आहे त्याला. पवईच्या स्टार्टअपचा संस्थापक टी-शर्टात बैठकीला आला तर तो साधा म्हणवतो. भांडुपच्या चाळीतून पहिल्या मुलाखतीला गेलेला मुलगा तसा गेला तर बेपर्वा ठरतो. महाराष्ट्रानं हे फार मोठ्या माणसाकडून शिकलेलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७मध्ये महाडला स्त्रियांना स्वच्छ राहायला, सवर्ण स्त्रियांसारखं लुगडं नेसायला आणि अस्पृश्यतेच्या खुणा अंगावरून उतरवायला सांगितलं. ते स्वतः १९३०च्या गोलमेज परिषदेपासून संविधान सभेपर्यंत नेटका सूट घालून उभे राहिले. ज्या समाजाला काय घालायचं हे शतकानुशतकं इतरांनी बजावलं होतं, त्याच्यासाठी तो सूट नक्कल नव्हता, हक्काची घोषणा होती, आणि म्हणूनच वस्तीवस्तीतल्या पुतळ्यांत आणि तसबिरींत तो निळा कोट आजही आहे. कोट ही गोऱ्यांची उसनवारी, म्हणून टाका, असं म्हणणाऱ्यांनी हा इतिहास ओलांडून पुढे जाऊ नये. कोट घालायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. घालणाऱ्याला त्याची शिक्षा होऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप नियमांचा. वकिलाला काळा कोट सक्तीचा आहे, तिथे मऊ-बिऊ काय चालणार? बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम वाचून पाहावा. त्यात काळा बटणबंद कोट, चपकन, अचकन, शेरवानी किंवा काळा उघड्या गळ्याचा कोट असे पर्याय दिले आहेत. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं वगळता उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, असंही म्हटलं आहे. पॅड, अस्तर, पेस्टिंग यांचा उल्लेख कुठेही नाही. काळ्या हलक्या लोकरी-मिश्र कापडाचा, बिनअस्तराचा बटणबंद कोट अंधेरीच्या न्यायालयात पूर्ण नियमात बसतो. कडकपणा नियमानं आणलेला नाही, सवयीनं आणला आहे, आणि जी गोष्ट सवयीनं आली ती वकील मंडळी एका हंगामात बदलू शकतात.

तिसरा आक्षेप दिसण्याचा, आणि तो सर्वांत खरा आहे. मऊ कोट ढिला, चुरगळलेला दिसेल. सासुरवाडीला, साहेबाला, परीक्षकाला तो स्वस्त वाटेल. वाईट शिवलेला मऊ कोट तसा दिसतोच. कडक कोट वाईट कटिंग झाकतो, मऊ कोट ते उघडं पाडतो. म्हणूनच कापडाची निवड इथे अर्धी लढाई आहे. पॉलिएस्टर-व्हिस्कोसचं पातळ, चमकदार कापड बिनअस्तराच्या कोटाला बिलकूल चालत नाही, कारण त्याला स्वतःची पडण नाही. शंभर टक्के लिनन हवेला उत्तम, पण दुपारपर्यंत सुरकुत्यांनी भरतं. स्वागत समारंभाला ते नकोच. चालतं ते मोकळ्या, जाळीदार विणीचं, मीटरला साधारण २३० ते २८० ग्रॅम भरणारं कापड: लोकर-पॉलिएस्टरचं हलकं ट्रॉपिकल, कापूस-लिननचं मिश्रण, किंवा जाड धाग्याची खादी. इथे एक इशारा द्यायलाच हवा. कापडाच्या किनारीवर ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ असे आकडे छापलेले असतात. आंतरराष्ट्रीय लोकर संघटनेच्या व्याख्येत हा आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा आहे. ‘सुपर १००’ म्हणजे सरासरी १८.७५ मायक्रॉनपर्यंत, ‘सुपर १२०’ म्हणजे १७.७५पर्यंत. असे आकडे आपल्याकडे पॉलिएस्टर मिश्र कापडावरही दिसतात, तिथे त्यांना अर्थ नाही. आकडा सोडा आणि लोकर किती टक्के ते विचारा.

चौथा आक्षेप असा की गल्लीतल्या शिंप्याला हे जमत नाही. बोरिवलीच्या एल. टी. रोडपासून घाटकोपरच्या एम. जी. रोडपर्यंतच्या बहुतेक शिंप्यांची रोजी पँट-शर्ट, आल्टरेशन आणि ब्लाउजवर चालते. कोट आला तर तो बऱ्याचदा बाहेरच्या कोट-कारागिराकडे जातो आणि तयार पेस्टिंग लावून परत येतो. हे खरं आहे, आणि दोष त्या माणसाचा नाही. तयार कपड्यांच्या लाटेत त्याच्याकडे कोट येणंच थांबलं, हात कशावर बसणार? नामदेवांच्या शिंपी परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्रात कोटाचं कटिंग शिकायला तरुण मिळू नये, हे दुःखद आहे. पण बिनअस्तराचा कोट त्याच्या आजच्या हाताच्या फार जवळ आहे. त्याला घोड्याच्या केसांचा कॅनव्हास भरण्याची जुनी विद्या लागत नाही. लागतं ते स्वच्छ शिवणकाम, सरळ पायपिंग आणि बाही बसवण्याचा सराव, म्हणजे उत्तम शर्ट शिवणाऱ्याची कौशल्यं. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत शिंपी आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज त्यात मिळतं. या प्रशिक्षणात मऊ कोटाचा एक धडा घालायला नवा कायदा लागत नाही.

संस्थांची तर आपल्या उपनगरांत वाण नाही. घाटकोपरला एलबीएस मार्गावर बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन १९५४पासून आहे. ठाण्याच्या कोलशेत रस्त्यावर वूल रिसर्च असोसिएशन १९६३पासून आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचं मुख्य कार्यालय विलेपार्ल्यात इर्ला रस्त्यावर आहे. कापूस, लोकर आणि खादी यांचं ज्ञान सांभाळणाऱ्या तीन संस्था एका शहराच्या कडेला असताना, त्या शहराच्या हवेसाठी कोटाचं एक स्वस्त, मोकळ्या विणीचं कापड ठरवून बाजारात आणलं जाऊ नये, याची मला खंत वाटते. खादी भांडारात बिनबाह्यांची जॅकेटं भरपूर मिळतात, कोटाच्या वजनाची खादी शोधावी लागते. आयोगानं ती एका ठरावीक वजनात, वर्षभर, एकाच रंगछटेत पुरवली, तर शिंप्याला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही आधार मिळेल.

मोठ्या कंपन्यांना मी यात शत्रू मानत नाही. युनिक्लोनं ऑक्टोबर २०२३मध्ये कुर्ल्याच्या फिनिक्स मार्केटसिटीत मुंबईतलं पहिलं दुकान उघडलं. तिचे आणि इतर ब्रँडचे हलके, अर्ध्या अस्तराचे, ताणणारे जॅकेट आता उपनगरातला तरुण अंगावर घालून पाहू शकतो. कोट इतका हलका असू शकतो हे त्याला हातात धरून कळलं, हे मोठं काम झालं. ज्याचं अंग त्यांच्या साइजमध्ये नीट बसतं त्यानं खुशाल घ्यावं. पण खांदा एका मापाचा आणि पोट दुसऱ्या मापाचं, ही आपल्याकडची सर्रास तक्रार आहे, आणि कोटाचा खांदा नंतर आल्टर करणं जवळपास अशक्य असतं. शिवाय असे पुष्कळ कोट मुख्यतः पॉलिएस्टरचेच असतात. अस्तर गेलं, पण ओलावा न धरणारा तंतू वरच्या कापडात राहिला, तर अर्धाच फायदा.

ज्या संस्था आपल्या मुलांवर कोटाची सक्ती करतात, त्यांच्याकडे माझी विनंती सर्वांत आधी आहे. व्यवस्थापन महाविद्यालयांनी, हॉटेलांनी आणि रेल्वेनं गणवेशाच्या निविदेत चार ओळी घालाव्यात: अस्तर फक्त बाही आणि खांद्यापुरतं, तेही व्हिस्कोसचं, खांद्यात पॅड नको, पेस्टिंग लॅपलपुरतं, कापडात लोकर किंवा कापसाचा ठरावीक हिस्सा. सोलापूरच्या उत्पादकांनी गणवेशात देशभर नाव कमावलं आहे. मोठी मागणी आली तर असा ब्लेझर ते माफक दरात देऊ शकतील.

आणि या तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्या घरी लगीनसराई आहे, त्यांनी मुहूर्ताच्या निदान महिनाभर आधी कापड टाकावं. मास्टरला चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: पॅड घालू नका, पेस्टिंग फक्त लॅपलला, अस्तर बाह्यांना आणि पाठीच्या वरच्या भागाला, शिवणीत माया भरपूर. मुंढा आधी वरच कापायला सांगा. तो लागेल तसा खाली नेता येतो, खाली गेलेला वर आणता येत नाही. कच्च्या शिलाईवर ट्रायल मागा आणि त्या वेळी दोन्ही हात वर करून बघा. सराई भरात आली की कुठल्याच चांगल्या कारागिराकडे दुसऱ्या ट्रायलला वेळ नसतो, म्हणून कापड दिवाळीतच घ्या.